पल्ला

सांता मारिया बेटावर
धावपट्टी गावापेक्षा लांब आहे.
असायलाच हवी होती म्हणतात,
तेव्हा समुद्र एका दमात पार होत नसे.

अदेलीनु फुर्तादु तेव्हा इंधन भरायचा.
पंखावर चढून टाकीत पट्टी बुडवायची,
ओल जिथवर आली तिथे अंगठा धरायचा
आणि आकडा ओरडायचा.
वारा आकडा पळवायचा.
तो पुन्हा ओरडायचा.
रॉकेलचा वास हातांत असा मुरलेला
की झुल्मीरा त्याला पिठाला शिवू देत नसे.

पाऊण तास विमान उभं.
तेवढ्यात काराकासचे व्यापारी उतरून कॉफी पीत,
बायका बेटावरची खरबुजं हुंगून बघत.
एका म्हाताऱ्याने तर इथे दाढी करून घेतली,
वर न्हाव्याला आपला पत्ता दिला.

मग विमानांचा पल्ला वाढला.
एकदम नाही. आधी मंगळवारचं गेलं,
पुढच्या वर्षी शनिवारचं.
पोट वाढलं विमानांचं,
उपास घडला न्हाव्याला.

नातू विचारतो, आताचं मोठं विमान किती लांब जातं?
पुस्तकात पंधरा हजार किलोमीटर लिहिलंय.
अदेलीनु म्हणतो, पुस्तकाला समोरून वारा लागत नाही.
आणि हे बघ,
लांब जायचं तर इंधन जास्त,
इंधन जास्त तर वजन जास्त,
ते वजन वाहायला पुन्हा इंधन.
घेतलेल्यातलं कितीतरी
घेतलेलं वाहण्यातच जळतं.
आतून झुल्मीरा म्हणते,
संसाराचंही तेच.

प्रत्येक विमानाच्या कागदावर
वाटेतला एखादा विमानतळ लिहिलेला असतो,
उतरावं लागू नये अशा आशेने.

फेब्रुवारीत एका पहाटे एक उतरलं.
कोणाच्या तरी छातीत कळ आली होती.
अदेलीनु पायजम्यावरच कोट चढवून गेला;
पहारेकरी ओळखीचा, त्याने फाटक ढकललं.
केवढं हे धूड. खिडक्यांची रांग,
निम्म्या मिटलेल्या.
रुग्णाला खाली नेलं. इंधनाची गाडी आली,
भरणारा पोरगा बटण दाबून मोबाइल बघत राहिला.

शिडीच्या वरच्या पायरीवर
एक बाई शाल गुंडाळून आली.
हे कुठलं ठिकाण, तिने विचारलं.
त्याने सांगितलं.
वाऱ्याने पळवलं.
ती कानामागे तळवा धरून वाकली.
त्याने पुन्हा ओरडून सांगितलं.