नांदायला न आलेली

कॉर्कच्या कडेला, आमच्या कचेरीच्या खिडकीतून
ओहोटीचा चिखल दिसतो
आणि त्यात चोच खुपसून उभे असलेले पक्षी.
जेवणाच्या सुट्टीत मी ते मोजते. खोड.
मंगळवारी सत्तावीस होते.

त्याच मंगळवारी देश एका वर्षात सव्वापट झाला.

फाख्तनाने तीनदा बेरीज केली, मी चौथ्यांदा.
चूक निघेना.
निघाली असती तर बरं झालं असतं,
चूक खोडता येते.

खोटं कुणीच बोललं नव्हतं.
समुद्रापलीकडे एका लांब टेबलाभोवती ठराव झाला
आणि औषधांची एक कंपनी
इकडचा पत्ता लावून मोकळी झाली.
कारखाना तिथेच. कामगार तिथेच.
साहेबांचा कुत्रासुद्धा तिथेच.
आलं ते फक्त मुख्यालय,
म्हणजे डब्लिनमधल्या एका जिन्याशी पितळी पाटी,
शेजारी आणखी एकशे चाळीस पाट्या
आणि शुक्रवारी त्या पुसणारी एक बाई.

लग्न लागलं, नाव बदललं,
नांदायला मात्र ती आलीच नाही.
आम्ही तिचं सगळं स्त्रीधन
घरच्या कमाईत मांडलं.
नियम तसाच आहे.

कंपनीचं नाव मला ठाऊक आहे.
सांगता येत नाही, शपथ घेतलीय.

आई तेव्हा इस्पितळाच्या बोळात, चाकांच्या खाटेवर,
एकोणिसावा तास.
कुणाचा तरी पेपर तिच्या पोटावर.
"श्रीमंत झालो म्हणे आपण. आता पलंग देतील?"

मी म्हटलं, असं समज,
पलीकडच्या मायरीडने आपल्या गाई
आपल्या गोठ्याच्या नावावर लिहिल्या.
"दूध?"
दूध तिच्याकडेच.
"शेण?"
शेणही.
"मग आपल्याकडे आलं काय?"
गाईंचा आकडा.

आई छताकडे बघत राहिली.
चाळीस वर्षं तिने डेअरीचे हिशेब लिहिलेत.
मग हळूच,
"पण गॉबनेट, वर्गणी गाईंच्या आकड्यावर ठरते ना गं?"

हे मी तिला सांगितलंच नव्हतं.
युरोपची वर्गणी, ब्रसेल्सहून येणारं पत्र,
आमची श्रीमंती पाहून वाढवलेलं.
मी तिची उशी सारखी केली.
उशी कसली, घडी घातलेला माझा कोट.

गुरुवारी तळटीप लिहिली, सहा ओळींची.
फाख्तनाने दोन ठेवल्या.
त्या दोनही
छापताना इतक्या बारीक आल्या
की आईने चष्मा पुसला, परत पुसला,
आणि मलाच वाचायला लावल्या.

आज पक्षी अकरा.
बाकीचे गेले कुठेतरी.
खरोखरच गेले,
पंखांसकट.