शिंगाड्याच्या रात्री

कार्तिक होता. तलावावर धुकं,
जसं कोनी ओलं घोंगडं पसरून ठेवलं.
डोंग्यात दोघंच. मी येल वढून शिंगाडे तोडत होतो,
तो सोलत होता. कौन्सिलचा मेंबर,
कोशाचा सदरा, बोटं काळीकुट्ट.
काटा रुतला तरी बोलला नाही.

लहानपनी एकाच म्हशीची शेपटी धरून
आमी हा तलाव पार केलता.
उद्या भंडाऱ्याच्या कोर्टात त्याच्यावर राजद्रोह,
आन मले साक्षीचं समन्स.
ते मी पागोट्यात खोवलं होतं.
त्याचे डोळे तेथंच.

"उरकुडा गा," तो म्हनला, "वकिलाले सांगतलं नाही,
घरी सांगतलं नाही. तुले सांगतो.
चौकी जाळा, ही चिठ्ठी माझी नाही.
कारकुनाचं अक्षर आहे ते. माझा 'ळ' तसा नसते.
खटला खोटा आहे.
पन गुन्हा..."
टिटवी ओरडून गेली. तो थांबला.

मंग सदऱ्याच्या आतून धोतराचा तुकडा काढला,
कंदील जवळ घेतला.
शाईची नदी. अल्याड बेचाळीस गावं,
पल्याड झाडी, झाडीत घाट,
मधात एक ठिपका, कुंकवाचा.
"राजधानी," म्हनला. आन लाजला,
पन्नाशीचा मानूस.
"सभेत म्हनो देशाचं राज्य, देशाचं राज्य,
घसा बसेपर्यंत.
रात्री मात्र हे काढत बसो.
मोहर बी ठरवली होती:
सारस, चोचीत धानाची लोंब."

मी विचारलं, "आपला तलाव कोठं?"
त्यानं बोट ठेवलं. होता तलाव. मोठा, निळा.
"आन आमचा ढिवरटोला?"

बोट कपड्यावर फिरलं.
परत फिरलं.
मंग उचललं त्यानं,
आन न सोललेला शिंगाडा, काट्यासकट,
तोंडात घातला.

कोर्टात साहेब म्हनला,
याच्यापाशी कोनता नकाशा पाहिला काय?
"हुजूर, मले नकाशा वाचता येत नाही."
खरंच बोललो. वैनगंगेची शपथ.
सारे हासले, साहेब बी.

तो सुटला. बँड लावला, झेंडूचे हार,
बंडीतून मिरवला पवनीपासून.
गर्दीत मी दिसलो त्याले.
आपन आपल्याच उष्ट्या ताटाकडे पाहतो,
तेवढंच पाहिलं.

तलावावर मंग कधी आला नाही.
कपडा त्या रात्री डोंग्यातच राहिलता.
राळ सरली तवा मी तो फटीत कोंबला.
बारा वर्सं झाली, डोंगा चालते.
त्या एका जागी पानी झिरपतेच,
थोडं, लालसर.
पोरं म्हनते, गंज आहे.
लाकडाले कोठचा गंज?