रात्रीचा दर

कुपवाडला तीन नंबरच्या भट्टीवर
माझ्या एका रात्रीला पंच्याऐंशी रुपये मिळतात,
पगाराच्या चिठ्ठीत, शेवटून दुसऱ्या ओळीत,
'रा. पा. भत्ता' म्हणून.
अकरा वर्षं मी रात्री विकतोय.
विकत एकही घेतली नव्हती.

तासगाव रोडच्या पार्कनं शनिवारचा
नऊ ते बारा वेगळा पास काढला.
दिवसाच्या तिकिटावर आत असलात
तरी आठला शिट्ट्या मारून बाहेर काढणार,
आणि त्याच फाटकातून, मनगटाला
हिरवा कागदी पट्टा बांधून, परत आत घेणार.
माणशी सातशे. चार फुटांच्या आतल्याला निम्मे.
जेवण धरून.

दस्तगीर मिरजेहून सहा जणांना घेऊन जाऊन आला होता.
साचा झाडता झाडता म्हणाला,
"दिवसा चार पाळणे होत्यात, अन् उन्हानं टाळकं तापतंय.
रात्री मी अकरा मोजले. रांगच नाय.
भागून बघ की."
भागलं. पाळण्यामागं चौसष्ट रुपये.
मग दुसऱ्या बाजूनं भागलं:
तिघांचे साडेसतराशे, म्हणजे भट्टीच्या वीस रात्री
आणि एकविसावी, चहाच्या सुट्टीपर्यंत.

त्रिशला म्हणाली, "जेवण धरून कसं?
दिवस मावळल्यावर मी खाते का?
त्यात पावभाजी. त्यात बटाटा.
माझ्या ताटाचे वजा करतात का विचारा."
विचारलं. फोनवरची मुलगी म्हणाली, "पॅकेज आहे, सर."
तीन आठवडे विषय असाच पडून,
दुधाच्या बिलाच्या पाठीवर, खोडाखोडीत.
सन्मतीनं काहीच भागलं नाही.
तो रोज दाराच्या चौकटीला पाठ लावून
आईकडं पेन्सिल मागायचा.

फाटकाशी लाकडी जिराफ, मानेवर लाल रेघ.
मी कानात म्हटलं, "गुडघं जरा ढिलं सोड."
त्यानं माझ्याकडं असं बघितलं
जसं काही मी चोरी शिकवतोय.
शिकवतच होतो.
मग टाचा जुळवून, मान ताणून,
केस धरून तो रेघेच्या बोटभर वर गेला
आणि खिडकीतल्या माणसाच्या आधी स्वतःच ओरडला,
"पूर्ण तिकीट!"
आणखी चार रात्री.

मोठ्या पाळण्याचा दांडा लावणारं पोरगं
जांभया देत होतं, आम्ही तीन वाजता देतो तसल्या.
"रात्रीचं काय मिळतं?"
"नव्वद."
माझ्यापेक्षा पाच जास्त, आणि वारा फुकट.
त्रिशलानं तिचं कूपन त्याच्या खिशात कोंबलं.
"बटाटा चालतो नव्हं?"

आम्ही अगदी वर, आणि पाळणा थांबला.
खाली कुणीतरी चढत असणार.
सांगली दिव्यांनी पसरलेली, आणि नदी म्हणजे
मधली दिवे नसलेली पट्टी.
"ते काय पेटलंय?" सन्मतीनं बोट केलं.
कुपवाडच्या अंगाला, पत्र्याच्या फटीतून
नारिंगी उजेड वाढला, थरथरला, बसला.
लाडल भरत होते. घड्याळ न बघता कळलं, साडेदहा.
माझ्या जागी कल्लाप्पा उभा असणार,
डावा पाय पुढं घेऊन.
"तिथं असतो मी रोज."
"पण तुम्ही तर इथं आहात."
हिशेबात हे कुठं मांडायचं मला सुचेना.
लांबून ते एवढंसं दिसत होतं,
फुंकर मारली तर विझेल एवढं.

सोमवारी दस्तगीर म्हणाला, "परवडलं का?"
"सातच पाळणे झाले. दोन बंद होते.
साडेअकराला पोरगं खांद्यावर झोपलं,
पूर्ण तिकिटाचं वजन.
शेवटचा अर्धा तास तसाच गेला, बाकड्यावर."
"मग नाय परवडलं."
"नाय."

भट्टी भरत आली. काच डोळ्यांवर ओढायच्या आधी
मी पत्र्याच्या त्या फटीशी गेलो,
अकरा वर्षांत पहिल्यांदा,
आणि तासगाव रोडच्या बाजूला बघितलं.
सोमवारी पार्क रात्री बंद असतं.
माहीत होतं.