कोंडा शून्य

सार गावात, जुन्या थडग्यांच्या टेकाडांपलीकडे,
पत्र्याच्या सावलीत एक निळं पिंप.
अब्दुन्नबी माती ओततो, मी ढवळते.
दगड बुडतात, शिंपले बुडतात,
आणि चार हजार वर्षांपूर्वीचं जळकं काहीतरी
वर येतं, चहावरच्या सायीसारखं,
फक्त काळं.

मलमलीत धरायचं. सावलीत वाळवायचं, उन्हात तडकतं.
मग भिंगाखाली, दोन केसांच्या कुंचल्यानं
निवडायला बसायचं.
निवडणं मला येतंच. फरक एवढाच,
इथं खडासुद्धा वहीत लिहायचा.

लोक विचारतात, काय जेवत होते हो ते?
जेवले ते गेलं.
उरलं ते करपलेलं.
कुणी एक शेजारणीशी बोलत राहिली
आणि खापरावरच्या जवांचा कोळसा झाला.
त्या दिवशी तिनं बोलणी खाल्ली असतील.
त्यावर माझा पगार निघतो.

खजुराच्या बिया पसापसा.
अब्दुन्नबी एक उचलतो, नखानं चीर तपासतो,
"आमच्याच," म्हणतो.
त्याच्या आजोबांची बाग होती, झऱ्याकाठी.
झरा आटला. तिथं आता गाड्या धुतात.

जव मात्र स्वच्छ. संशय यावा इतके.
सातवं घर, चूल, चौथा थर:
दाणे एकशे बारा.
कोंडा शून्य, काडी शून्य, शेतातलं तण शून्य.
पुन्हा चाळलं.
शून्य.

म्हणजे मळणी इथली नाही.
पाण्यापलीकडे कुठंतरी कुणी वाऱ्याला उभं राहून उफणलं,
कुसळं त्याच्या मानेत टोचली,
गोणी होडीत चढली,
आणि इथं ती सोडणाऱ्या बाईनं
ओंबी बघितलीही नसेल.
तिच्या दाराशी गल्ली सरळ झाली,
भिंतीला भिंत लागली,
मडक्याच्या तोंडावर ओल्या मातीत शिक्का उमटला.
शहर कशाला म्हणायचं, याचं उत्तर
मी अहवालात इतकंच लिहिलं:
कोंडा आढळला नाही.

काल रात्री बहिणीशी फोनवर बोलता बोलता
माझी भाकरी करपली.
पीठ बार्शीचं, दुबईवरून आलेलं.
सुरीनं कडा खरवडल्या,
काळा चुरा मोरीत सोडला,
नळ उघडला
आणि बघत राहिले.

तरंगला.