मसाल्याची बॅग झुरिकला गेली

सिटीलाइटच्या बाजारात चांगुणा विचारते,
"तारली? तुमच्याकडं? पापलेट सोडून?"
आई बोटानं कल्ला उघडून लाली बघते.
"आठ दे. आख्खी. डोकं ठेव, पोटही फाडू नकोस."
चांगुणाचा कोयता हवेतच थांबतो.

तिला काय सांगणार,
की मेच्या शेवटी आम्ही लिस्बनला उतरलो
आणि आमची निळी बॅग झुरिकला.
आत मेतकूट, लसणीची चटणी, पिठल्याचं पीठ
आणि एका लग्नाला पुरेल इतका संभार मसाला,
चार माणसांच्या नऊ दिवसांसाठी.
शिरीष काउंटरवर फॉर्म भरत होता.
आई मागून सांगत होती,
"लिही, डब्याचं झाकण हिरवं आहे."

त्या रात्री ती एक केळं खाऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी चढावरच्या एका गल्लीत,
खिडक्याखिडक्यांतून चादरी वाळत असलेल्या,
एका म्हाताऱ्यानं दारातच शेगडी मांडलेली.
आधी आईचं नाक थांबलं, मग आई.
"अगं, ही तर तारली!"
लग्नाच्या मांडवात कुणी म्हणावं तसं,
हा तर आपल्या दादांचा धाकटा!

बसलो. टेबल डुगडुगत होतं, वर कागद अंथरलेला.
ताटलीत चार मासे, पाठी काळपट,
अंगावर नुसतं जाडं मीठ.
हळद नाही, तिखट नाही, कोकमाचा थेंब नाही.
आईनं नजर वळवली,
पाहुणा टॉवेलवर दार उघडायला आल्यासारखी.
निहारनं सुरी-काटा उचलला तशी हातावर चापट.
"काट्याचा मासा काट्यानं खातात होय?"

शिरीष फोनमध्ये भाषांतर शोधत राहिला
आणि ती वेटरला सरळ म्हणाली, "पाव."
पाव आला.
आई खुर्चीत ताठ झाली. "बटाटा."
बटाटा आला, उकडलेला, तेलानं चकाकणारा.
आता तिला कोण आवरणार!
"अननस" म्हणाली, तर त्यानं हातानं सांगितलं, नंतर, शेवटी.
बोटं माखल्यावर म्हणाली, "साबण,"
त्यानं कोपऱ्यातलं बेसिन दाखवलं.
शिरीषनं फोन खिशात घातला.

बिल घेऊन आला तेव्हा तो काहीतरी बोलला,
त्यात एक शब्द आम्हा सगळ्यांना ऐकू आला: पगार.
"पगार झाला का विचारतोय," आई म्हणाली, आणि हसली नाही.
ताटलीतले सांगाडे एका बाजूला सारत राहिली.
"पगाराआधीच्या आठवड्यात हीच आणायचे तुझे बाबा.
कुणी आलं की मी ताटावर ताट झाकायची.
वास कसा झाकणार?"
मग तिनं पर्स उघडली
आणि बिल स्वतः भरलं, आमचं न ऐकता.

पुढचे सात दिवस ती भेटेल ते खात सुटली.
कोबीचं सूप, "बिनफोडणीचं आहे, पण आण अजून एक वाटी."
दुधा-अंड्याची भाजकी वाटी, "जायफळ विसरले."
शेवटच्या सकाळी बॅग हॉटेलवर आली,
तशीच, न उघडता, माहीमला परतली.

आणि आज ऑक्टोबरचा रविवार,
गॅसवर पापडाची जाळी, जाळीवर तारल्या,
चरबी ठिबकते, ज्योत भडकते,
एक्झॉस्ट फॅन धापा टाकतो.
समोरच्या सामंतांनी बेल मारली.
"काय जळतंय हो?"
"युरोप," निहार म्हणाला आणि दार लावलं.

आम्ही उभ्याउभ्याच खातो, ओट्याभोवती,
बोटं भाजत, काटे ओठांवरून वेचत.
कोपऱ्यातल्या बेकरीचा पाव, अजून कोमट.
आई डोळे मिटून पहिला घास चावते.
आम्ही थांबतो.
"मीठ बरोबर पडलंय," ती म्हणते,
आणि तिचा हात
हिरव्या झाकणाकडं जातो.