लाल दोरा

पुण्याहून येताना मी एक चौकट आणली होती,
काचेमागे पाच ओळी, वर 'आमची मूल्ये', खाली काकांच्या कारखान्याचं नाव.
अक्कलकोट रोडच्या शेडात, हजेरीच्या यंत्राशेजारी,
मीच खिळा ठोकून लावली.
माग थांबले नाहीत.
जॉबर अंबादास गड्डम मान वर करून म्हणाला,
"चांगलंय साहेब. थोडं डावीकडं कललंय."

इथे आधीपासून एकच रीत होती, कुठे न लिहिलेली.
दोष दिसला की टॉवेलाच्या काठाला लाल दोरा बांधायचा.
कुणी विणला, कुणाची पाळी, विचारायचं नाही.
ज्याचं त्याला कळतं.

चेकिंगच्या टेबलाशी राजव्वा चिप्पा, एकवीस वर्षं.
एकदा तिनं पोटच्या पोराच्या नगालाही दोरा बांधला
आणि रात्री त्याला एक भाकरी जास्त वाढली,
असं म्हणतात.

मार्चातला शुक्रवार. कंटेनर दाराशी,
ड्रायव्हर टायरच्या सावलीत आडवा.
निळ्याचा रंग ओल्या बोटाला लागला.
राजव्वानं बोट माझ्यासमोर धरलं,
मतदान करून आल्यासारखं.
मग दोरा बांधला.
मी म्हणालो, एकच असेल.
ती काही बोलली नाही.

जेवणाच्या सुट्टीत, डब्यांची झाकणं वाजत असताना,
मी कात्रीनं तो दोरा कापला.
नग गाठीत सारला.
लाल तुकडा खिशात राहिला, दिवसभर बोटांना लागत.

सहाला भोंगा झाला. गेटकडे कुणीच गेलं नाही.
रंगखात्यातून दस्तगीर बादल्या घेऊन आला,
मल्लेशमनं बांधलेल्या गाठीची पट्टी उचकटली.
मी ओव्हरटाइमचं बोलू लागलो, दीडपट, दुप्पट.
अंबादास म्हणाला, "ते बघू. आधी निळे वेगळे काढा."

रात्रभर पाणी निळंच येत राहिलं.
राजव्वाच्या सुनेचा फोन, एमैंदी, एमैंदी,
काम आहे म्हणाली आणि ठेवला.
मीही बादल्या वाहिल्या.
कुणी मला बसा म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही.

पहाटे चहाला विचारलं,
माल काकांचा, नाव काकांचं, तुम्ही का एवढं?
दस्तगीर बशीत फुंकर मारत हसला.
"निळा होऊन बसायचा की बिचारा.
कुठं का असंना."

कंटेनर दीड दिवस उशिरा गेला.
दंडाचा आकडा मी वहीत माझ्या हातानं लिहिला.

सोमवारी आलो, तर चौकटीच्या खिळ्याला लाल दोरा.
घट्ट गाठ, टोक दातानं तोडलेलं.
मागांचा खडखडाट तसाच.
राजव्वा पदरानं चष्मा पुसत होती.
कुणी बांधला, मी विचारलं नाही.
रीत पाळली. पहिल्यांदाच.

चौकट अजून तिथंच, अजून डावीकडं कललेली.
सुताची लव बसून दोरा गुलाबी पडलाय.
नवी पोरं अंगठा लावताना विचारतात, हे काय?
अंबादास माग न थांबवता सांगतो,
"दोष हाय त्यात एक.
दुरुस्ती चालू हाय."