मोरीची लादी

अँटॉप हिलच्या बागेत भिंत भरतायत.
नरसम्माने फुटकी बरणी दिली, करीमनगरची,
तळाला अजून लोणच्याचा वास.
वेलजीभाईंचा आरसा भुजचा,
आभाळ सोडून काही दाखवेना.
रामसमुझने नुसतं खापर आणलं.
"मुलुक का है," म्हणाला, आणि
हात पुसत राहिला.

चिकटवणारी पोरगी वहीत लिहून घेते:
नाव, वस्तू, गाव.
मी मोरीची लादी पुढे केली,
आईने धुणं आपटून झिजवलेली.
"गाव?"
मी गेटबाहेर बोट दाखवलं.
रस्त्यापलीकडे, चाळीच्या जागी,
बावीस मजली टॉवरचं पार्किंग.

तिचं पेन थांबलं.
मग बरणी आणि खापरामधली फट
तिने सुतळीने मोजली.
"घासून बारीक केली तर चालेल?"

"नको," मी म्हटलं.
"सिमेंट ओलं आहे अजून.
फट वाढव."